असंतोष, क्रांती आणि सर्वंकष सत्ता : इथिओपिया 1974 ते 1978 (प्रकरण अभ्यास)

विषय आणि मर्यादा

फेब्रुवारी 1974 मध्ये इथिओपियाची राजधानी आदिस अबाबाच्या रस्त्यांवर शिक्षक, टॅक्सीचालक आणि विद्यार्थी उतरले तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही लष्करी राजवट मागितलेली नव्हती. कोणाला पगारवाढ हवी होती, कोणाला पेट्रोलची दरवाढ रद्द व्हायला हवी होती, तर कोणाला जमीन कुळांच्या नावे व्हायला हवी होती. पुढच्या तीन वर्षांत सम्राट गेला, जमीनदारी गेली आणि त्याच शहरात ठार केलेल्या तरुणांचे मृतदेह इतरांना जरब बसावी म्हणून रस्त्यावर पडू दिले जाऊ लागले. या दोन टोकांच्या मध्ये कोणते निर्णय झाले आणि ते घेणाऱ्यांसमोर त्या वेळी दुसरे कोणते मार्ग होते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

असंतोषातून क्रांती आणि क्रांतीतून हुकूमशाही हा क्रम अनेकदा अटळ असल्यासारखा सांगितला जातो. इथिओपियाचा अनुभव बारकाईने पाहिल्यावर मला तसे वाटत नाही. राज्य कोणाच्या संमतीने चालावे आणि तात्पुरती सत्ता कधी संपावी हा प्रश्न त्या चार वर्षांत वारंवार पुढे आला, आणि प्रत्येक वेळी ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांनी तो भिजत ठेवून दुसरेच काही सोडवले. कधी सम्राटाने, कधी पंतप्रधानाने, कधी लष्कराने, तर कधी डाव्या पक्षांनीही. सर्वंकष सत्ता त्या मोकळ्या राहिलेल्या जागेत उभी राहिली. या लेखनात फक्त सार्वजनिक इतिहासातील व्यक्तींची नावे घेतली आहेत. शिक्षक, सैनिक, कुळे आणि विद्यार्थी यांचा उल्लेख नावाशिवाय आहे.

पार्श्वभूमी

हैले सेलासी 1916 पासून राजप्रतिनिधी आणि 1930 पासून सम्राट होते. इटलीच्या आक्रमणाविरुद्ध 1936 मध्ये राष्ट्रसंघापुढे (लीग ऑफ नेशन्स) केलेल्या भाषणामुळे जगभर त्यांच्याविषयी आदर होता, आणि 1963 मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेचे मुख्यालय आदिस अबाबात आल्यावर तो आणखी वाढला. देशातले चित्र निराळे होते. 1955 च्या राज्यघटनेनुसार संसदेचे कनिष्ठ सभागृह निवडून येत असे, पण राजकीय पक्ष काढण्यास मुभा नव्हती आणि मंत्रिमंडळ केवळ सम्राटाला जबाबदार होते. त्यामुळे उमेदवार आपापल्या नावावर आणि जमीनजुमल्यावर उभे राहत आणि संसदेत जमीनदारांचाच भरणा होई. कूळ आणि जमीनमालक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा कायदा याच संसदेत वर्षानुवर्षे अडकून पडला, यात म्हणूनच नवल नाही.

जमिनीचा प्रश्न दक्षिणेत सर्वांत तीव्र होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साम्राज्य दक्षिणेकडे पसरले तेव्हा तिथल्या जमिनी सैनिक, सरदार आणि चर्च यांना वाटून दिल्या गेल्या आणि मूळचे कसणारे कुळे झाले. अनेक ठिकाणी कुळाला अर्धे पीक खंड म्हणून द्यावे लागे; वर वेठही होतीच. राजधानीतील विद्यार्थ्यांनी 1965 मध्ये ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देत मोर्चा काढला आणि पुढच्या दशकभर विद्यार्थी चळवळीचा तो मुख्य मुद्दा राहिला.

यापूर्वी एक स्पष्ट इशारा मिळालेला होता. डिसेंबर 1960 मध्ये सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना शाही रक्षक दलाने उठाव केला. तो काही दिवसांतच मोडला, पण राजवाड्याच्या अगदी जवळची माणसेही राज्यपद्धतीला विटली आहेत, हे त्यातून दिसले होते. राजसत्तेने त्यावरून सैन्यावर नजर ठेवण्याचा धडा घेतला. संसदेला अधिकार देण्याचा किंवा पक्षांना वाट मोकळी करण्याचा विचार झाला नाही. मला हा 1974 च्या आधीचा सर्वांत महाग पडलेला निर्णय वाटतो. तेरा वर्षांची मुदत हातात होती आणि त्या काळात अशी एकही कायदेशीर राजकीय संघटना उभी राहू शकली नाही की जिच्याशी पुढे बोलणी करता आली असती.

त्यातच वोलो आणि तिग्राय या उत्तरेकडील प्रांतांत 1972 नंतर दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज 40 हजारांपासून 2 लाखांपर्यंत आहेत. भुकेलेली कुटुंबे मुख्य रस्त्याच्या कडेला येऊन बसत आणि जाणाऱ्या गाड्या थांबवून अन्न मागत, तरीही सरकारने दुष्काळ जाहीर करण्याचे टाळले. त्याच काळात वोलोतून धान्य बाहेर जात होते, कारण ते विकत घेण्याची ऐपत वोलोत उरली नव्हती. विद्यापीठातील अध्यापकांनी 1973 मध्ये दुष्काळाची छायाचित्रे लावली आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील माहितीपटाने ही दृश्ये जगापुढे आणली. सरकार आपल्या प्रजेच्या मरणाविषयी खोटे बोलले, ही गोष्ट सुशिक्षितांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

समस्या कशी उभी राहिली

सुरुवात राजधानीपासून खूप दूर झाली. दक्षिणेकडील नेगेले येथील छावणीत जानेवारी 1974 मध्ये सैनिकांचा पाण्याचा पंप बिघडला. अधिकाऱ्यांची स्वतंत्र विहीर होती, पण तिचे पाणी सैनिकांना द्यायला त्यांनी नकार दिला. आधीच निकृष्ट जेवणाने वैतागलेल्या सैनिकांनी अधिकाऱ्यांना कोंडून घातले आणि सम्राटाला तक्रार कळवली. चौकशीसाठी राजधानीतून एक सेनापती पाठवण्यात आला, तर त्यालाही त्यांनी ताब्यात ठेवून आपलेच जेवण खायला आणि आपलेच पाणी प्यायला लावले. सम्राटाने या बंडाबद्दल कोणाला शिक्षा केली नाही. तक्रारी दूर करण्याचे आश्वासन दिले. सैन्यातील बिनतारी यंत्रणेमुळे ही बातमी प्रत्येक छावणीत पोचली. बंड केले तर शिक्षा होत नाही आणि मागणी मान्य होते, एवढाच त्या बातमीचा अर्थ इतर तुकड्यांनी घेतला. फेब्रुवारीत देब्रे झेत येथील हवाई तळ आणि त्यानंतर अस्मारा येथील दुसरी डिव्हिजन याच वाटेने गेली.

शहरात तेव्हा वेगळीच आग धुमसत होती. 1973 च्या तेलसंकटामुळे पेट्रोलचे दर एकदम 50 टक्क्यांनी वाढवण्यात आले. त्याच सुमारास शिक्षणव्यवस्थेच्या फेररचनेची एक योजना जाहीर झाली. तिच्यामुळे आपले वेतन अडकेल अशी शिक्षकांना आणि आपल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार बंद होईल अशी पालकांना भीती वाटली. 18 फेब्रुवारीला शिक्षक आणि टॅक्सीचालक यांचा संप सुरू झाला, विद्यार्थी त्यात उतरले आणि बसगाड्यांवर दगडफेक झाली. सरकारने पेट्रोलचे दर थोडे उतरवले, शिक्षण योजना लांबणीवर टाकली, सैनिकांचे पगार वाढवले; महिनाअखेरीस पंतप्रधान अक्लिलू हाब्ते-वोल्द यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

तक्रारी अनेक होत्या आणि त्या मांडणारेही अनेक होते, पण सर्वांच्या वतीने बोलणी करू शकेल अशी एकही प्रातिनिधिक संस्था देशात नव्हती, आणि सरकार ज्या सैन्याच्या बळावर उभे होते ते सैन्यच तक्रारदारांमध्ये सामील झाले होते.

फेब्रुवारी ते जून : कोणते पर्याय समोर होते

राजसत्तेसमोर ढोबळमानाने तीन मार्ग होते. बळाने दडपणे हा पहिला. पण दडपणार कोण, हा प्रश्न होता. एकेका गटाची मागणी सुटी सुटी मान्य करणे हा दुसरा. पक्षांना मान्यता देऊन निवडणुकीची तारीख जाहीर करणे आणि तोवर सर्व गटांचे प्रतिनिधी असलेले सरकार नेमणे हा तिसरा. प्रत्यक्षात दुसरा मार्ग घेतला गेला आणि तिसऱ्याची केवळ झलक दाखवली गेली. नवे पंतप्रधान एंदल्काच्यू मकोनेन हे सुशिक्षित आणि अनुभवी होते, पण सरदार घराण्यातले होते. मार्चमध्ये सम्राटाने घटनादुरुस्ती जाहीर केली, पंतप्रधान यापुढे संसदेला जबाबदार राहील असे सांगितले आणि त्यासाठी समिती नेमली. पक्षांना परवानगी आणि नव्या निवडणुकीची तारीख या दोन गोष्टी मात्र त्या घोषणेत नव्हत्या.

सुट्या सवलतींचा परिणाम लगेच दिसला. सैनिकांना मिळाले म्हणून कामगारांनी मागितले; मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कामगार महासंघाने देशातला पहिला सार्वत्रिक संप केला आणि बऱ्याच मागण्या पदरात पाडून घेतल्या. मग कनिष्ठ धर्मगुरूंनीही पगारवाढ मागितली. 20 एप्रिलला समान हक्कांसाठी मुस्लिमांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात अनेक ख्रिस्तीही सामील झाले. यातली प्रत्येक मागणी न्याय्य होती, हे मी आवर्जून सांगतो. पण प्रत्येक गटाने सरकारशी स्वतंत्र व्यवहार केल्यामुळे सर्वांची मिळून एक मागणी कधी तयारच झाली नाही.

विरोधकांसमोरही निवड होती. एंदल्काच्यू वेळ मागत होते. त्यांना मुदत द्यायची आणि त्या मुदतीत शिक्षक, कामगार व विद्यार्थी यांचे संयुक्त व्यासपीठ बांधायचे, हा एक मार्ग होता. सरदाराच्या सरकारला क्षणाचीही उसंत द्यायची नाही, हा दुसरा. विद्यार्थी आणि डावे गट दुसऱ्या मार्गाने गेले. दुष्काळ लपवणाऱ्या राज्यकर्त्या वर्गावर त्यांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त होता आणि तो अविश्वास मी चूक मानत नाही. मात्र अविश्वास दाखवणे आणि पर्यायी संस्था उभारणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यातले पहिले झाले, दुसरे राहून गेले.

लष्करी समिती पुढे येते

28 जून 1974 रोजी सैन्य, पोलीस आणि प्रादेशिक दल यांच्या निरनिराळ्या तुकड्यांनी पाठवलेल्या सुमारे 120 प्रतिनिधींची समिती आदिस अबाबात स्थापन झाली. सेनापती वगळलेले होते. सभासद साध्या शिपायापासून मेजरच्या हुद्द्यापर्यंतचे होते. ‘डर्ग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समितीत हरारच्या तिसऱ्या डिव्हिजनने मेजर मेंगिस्तू हैले मरियम यांना पाठवले होते. समितीचे घोषवाक्य ‘इथिओपिया प्रथम’ असे होते आणि रक्तपात न करता बदल घडवण्याचे वचन त्याला जोडलेले होते.

समितीने सिंहासनाला एकदम हात लावला नाही. आकाशवाणी ताब्यात घेतली, एकेका सरदाराचे आणि माजी मंत्र्याचे नाव पुकारून शरण येण्यास सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण स्वतःहून हजर झाले. जुलैत एंदल्काच्यू यांना हटवून उदारमतवादी म्हणून नावाजलेल्या मिकाएल इम्रू यांना पंतप्रधान केले. ऑगस्टमध्ये घटना समितीचा मसुदा तयार झाला. त्यात सम्राटाचे अधिकार पुष्कळ कमी केलेले होते. डर्गने तो बाजूला ठेवला. 11 सप्टेंबरच्या रात्री दूरचित्रवाणीवर वोलोच्या दुष्काळाची दृश्ये राजवाड्यातील मेजवान्यांच्या दृश्यांशी जोडून दाखवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यात जाऊन पदच्युतीचे पत्र वाचून दाखवले आणि 82 वर्षांच्या सम्राटाला एका लहानशा फोक्सवॅगन गाडीच्या मागच्या आसनावर बसवून नेले. तोपर्यंत मोठा रक्तपात झालेला नव्हता. त्या दिवशी लोकांना झालेला आनंद खरा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढच्या काही आठवड्यांतील त्यांची शांतता समजत नाही.

पहिला निर्णायक क्षण : तात्पुरती सत्ता, पण कुठवर?

सम्राटाला हटवताना डर्गने संसद विसर्जित केली, घटना स्थगित केली, संप आणि निदर्शने यांवर बंदी घातली आणि स्वतःला ‘तात्पुरती लष्करी प्रशासकीय परिषद’ म्हणवून घेतले. तात्पुरती म्हणजे किती महिने, हे जाहीरनाम्यात नव्हते. कामगार महासंघाने काही दिवसांतच सर्व थरांच्या प्रतिनिधींचे नागरी लोकसरकार स्थापण्याचा ठराव केला. विद्यार्थी आणि शिक्षकही हेच म्हणत होते. सत्ता अशा सरकारकडे सोपवायची, नागरिक आणि सैनिक यांचे मिश्र मंडळ नेमायचे, की सगळी सूत्रे आपल्याच हाती ठेवायची, असे तीन पर्याय डर्गसमोर होते. डर्गने तिसरा निवडला आणि महासंघाच्या नेत्यांना अटक केली.

पुढे जे घडले त्याचे मूळ मला नोव्हेंबरमधील हत्याकांडापेक्षाही सप्टेंबरमधील या अटकेत दिसते. नागरी सरकारची मागणी करणारा आवाज तेव्हा संघटित होता आणि लष्कराची पकड पक्की झालेली नव्हती. समितीतही या प्रश्नावर एकमत नव्हते. अटकेनंतर मोठा विरोध झाला नाही. सम्राटाला ज्यांनी घालवले तेच बाकीचेही नीट करतील, असे अनेकांना वाटले.

दुसरा निर्णायक क्षण : 23 नोव्हेंबर 1974

डर्गने आपल्या बाहेरचा एक प्रतिष्ठित सेनानी, जनरल अमान अंदोम, यांना प्रमुखपदी बसवले होते. त्यांचे आणि मेंगिस्तू यांच्या गटाचे मतभेद तीव्र झाले. एरिट्रिया हा तेव्हा इथिओपियाचाच उत्तरेकडील प्रांत होता. स्वतः मूळचे तिथले असलेले अमान तिथल्या बंडखोरीवर बोलणी करून तोडगा काढावा असे म्हणत होते, जादा सैन्य पाठवायला त्यांचा विरोध होता आणि कैदेतील जुन्या राज्यकर्त्यांना न्यायालयीन प्रक्रियेविना मारण्यासही त्यांनी नकार दिला. 23 नोव्हेंबरला त्यांच्या घराला सैन्याने वेढा घातला आणि त्या चकमकीत ते मारले गेले. त्याच रात्री तुरुंगातून काढून सुमारे 60 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत अक्लिलू आणि एंदल्काच्यू हे दोन्ही माजी पंतप्रधान होते, अनेक सेनापती होते.

जुन्या मंत्र्यांच्या गैरव्यवहारांची आणि दुष्काळ लपवल्याच्या जबाबदारीची तपासणी करण्यासाठी एक चौकशी आयोग आधीच नेमलेला होता आणि तो काम करत होता. म्हणजे न्यायाची वाट अस्तित्वात होती. ती सोडून कैद्यांच्या यादीतील नावांवर समितीच्या सभासदांची मते घेण्यात आली. त्यामुळे दोन गोष्टी घडल्या. वोलोतल्या मृत्यूंना कोण आणि किती जबाबदार होते, हे खुल्या सुनावणीत सिद्ध होण्याची संधी कायमची गेली. दुसरे म्हणजे ज्यांनी त्या रात्री हात वर केले ते सर्व त्या रक्ताचे भागीदार झाले. सत्ता सोडली तर आपल्यावरच खटला चालेल हे भय त्यांच्या पाठीशी लागले. ज्या राज्यकर्त्यांना पायउतार होणे म्हणजे फाशी असे वाटते ते निवडणुकीची तारीख कधीच जाहीर करत नाहीत.

जमीन, घरे आणि केबेले

डर्गचे सगळेच निर्णय वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 4 मार्च 1975 च्या घोषणेने सर्व ग्रामीण जमीन राष्ट्राच्या मालकीची झाली, कुळांची खंडातून सुटका झाली, कोणत्याही कुटुंबाला 10 हेक्टरपेक्षा अधिक जमीन कसता येणार नाही असे ठरले आणि गावोगाव शेतकरी संघ स्थापन झाले. राजधानीत या घोषणेच्या स्वागतासाठी अफाट गर्दी लोटली. पिढ्यान्‌पिढ्या अर्धे पीक दुसऱ्याच्या कोठारात भरणाऱ्या दक्षिणेतील कुळांसाठी ही खरी मुक्ती होती. सुमारे 60 हजार विद्यार्थी आणि शिक्षक याच सुमारास ‘झेमेचा’ या मोहिमेखाली खेड्यांत पाठवले गेले. साक्षरता आणि जमीन सुधारणा हा मोहिमेचा हेतू होता, पण त्यामुळे सरकारला प्रश्न विचारणारा सर्वांत बोलका वर्ग राजधानीतून बाहेर गेला हेही खरे. पुढे शेतकऱ्यांना सरकारी खरेदी महामंडळाला ठरलेल्या भावाने ठरलेले धान्य घालण्याची सक्ती झाली, तेव्हा खंड घेणारा बदलला एवढेच अनेकांच्या हाती उरले.

जुलै 1975 मध्ये शहरातील जमीन आणि भाड्याने दिलेली जादा घरे सरकारजमा झाली. घरभाडी कमी करण्यात आली आणि वस्तीवस्तीत ‘केबेले’ नावाच्या नागरी समित्या उभ्या राहिल्या. एकट्या आदिस अबाबात त्या सुमारे 300 होत्या. केबेले लहान घरांचे भाडे जमा करत असे, तंटे मिटवत असे, पुढे स्वस्त धान्याचे दुकानही चालवत असे. कोणत्या घरात किती माणसे राहतात, पोरे काय करतात, कोण रात्री उशिरा येतो, हे सर्व केबेलेच्या दप्तरात असे. गोरगरिबांना प्रथमच आपल्या दारात, आपल्या शेजाऱ्यांनी चालवलेले कार्यालय मिळाले होते. निवड आणि देखरेख यांची स्वतंत्र व्यवस्था नसल्यामुळे हेच कार्यालय ज्याच्या ताब्यात जाईल त्याच्या हातात वस्तीतील प्रत्येक घराची किल्ली जाणार होती, आणि दोन वर्षांत तसेच झाले.

तिसरा निर्णायक क्षण : डाव्यांची फूट

विद्यार्थी चळवळीतून दोन पक्ष निघाले. ईपीआरपी, म्हणजे इथिओपियन पीपल्स रिव्होल्युशनरी पार्टी, आणि मेइसोन, म्हणजे अखिल इथिओपिया समाजवादी चळवळ. दोघांनाही समाजवाद हवा होता, दोघांचे कार्यकर्ते एकाच पिढीचे, बरेचसे एकाच वसतिगृहातले. लष्करी सरकारबद्दल काय करायचे, हा मात्र त्यांच्यात वाद होता. ईपीआरपीला नागरी लोकसरकार ताबडतोब हवे होते. मेइसोनचे म्हणणे असे की जमीन सुधारणेसारखे काम लष्करच करत असेल तर त्याला टीका करत पाठिंबा द्यावा आणि आतून दिशा द्यावी. 1976 मध्ये मेइसोनचे नेते हैले फिदा सरकारच्या राजकीय कार्यालयात मोठ्या अधिकारावर बसले, कार्यकर्त्यांनी केबेलेंमध्ये शिरकाव केला.

सप्टेंबर 1976 मध्ये मेंगिस्तू यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर मेइसोनच्या नेत्यांना शहरात गोळ्या घालण्याचे सत्र ईपीआरपीने सुरू केले. मुस्कटदाबीच्या परिस्थितीत हा मार्ग घेतला गेला, हे मान्य केले तरी त्याचे फळ उलटे मिळाले. डर्गमध्ये तेव्हा तडजोडीची भाषा बोलणारे सभासद होते. प्रत्येक हत्येनंतर त्यांचे म्हणणे दुबळे झाले. मेइसोनची चूक मला तितकीच मोठी वाटते. आपल्या प्रतिस्पर्ध्यांना संपवण्यासाठी केबेलेंच्या पथकांना बंदुका द्याव्यात, असा त्यांनीच आग्रह धरला. ज्या यंत्रणेवर आपला कायमचा ताबा राहील याची खात्री नाही, तिला अमर्याद अधिकार मिळवून देताना त्यांनी उद्याचा विचार केला नाही.

चौथा निर्णायक क्षण : 3 फेब्रुवारी 1977

डिसेंबर 1976 मध्ये डर्गमधील एका गटाने अंतर्गत रचना बदलून मेंगिस्तू यांचे अधिकार कमी केले होते आणि अध्यक्ष तफेरी बांती यांच्याभोवती सत्ता वाटली जाऊ लागली होती. एकाच माणसाच्या हाती सगळे जाऊ नये यासाठी झालेला हा बहुधा शेवटचा प्रयत्न. 3 फेब्रुवारीला राजवाड्याच्या आवारातच तफेरी बांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेंगिस्तू यांच्या बाजूच्या सैनिकांनी पकडून ठार केले. आपल्या सुधारणेच्या संरक्षणासाठी कोणतेही सैन्यदल त्यांनी बाजूला वळवून ठेवलेले नव्हते. समितीचा ठराव पुरेसा आहे असे त्यांनी धरले. समितीचे नियम ज्या समितीनेच नोव्हेंबर 1974 मध्ये गोळीच्या खाली ठेवले होते, तिच्यात ठरावाला कितीशी किंमत उरणार होती?

त्यानंतर केबेलेंच्या पथकांना उघडपणे शस्त्रे वाटण्यात आली. 17 एप्रिल 1977 रोजी राजधानीतील चौकात भाषण करताना मेंगिस्तू यांनी रक्तासारख्या द्रवाने भरलेल्या बाटल्या जमिनीवर आपटून फोडल्या आणि क्रांतीच्या शत्रूंचे असेच होईल असे बजावले. ‘लाल दहशत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत घरोघर झडत्या झाल्या, आणि झडतीला येणाऱ्यांच्या हातात केबेलेची तीच दप्तरे होती. मे दिनाच्या आसपास शेकडो तरुण मारले गेले. त्यांत शाळकरी मुलेही होती. मुलाचा मृतदेह ताब्यात घ्यायचा असेल तर त्याला मारण्यासाठी वापरलेल्या गोळीचे पैसे कुटुंबाकडून वसूल केले जात.

परिणाम

ईपीआरपी शहरांतून उखडली गेली. 1977 च्या ऑगस्टमध्ये मेइसोनने सरकारची साथ सोडली तेव्हा हीच दप्तरे आणि हीच पथके तिच्यावर उलटली. हैले फिदा पकडले गेले आणि नंतर मारले गेले. नोव्हेंबरमध्ये डर्गचे उपाध्यक्ष अत्नाफू अबाते यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी जुलैत सोमालियाने इथिओपियाच्या पूर्वेकडील ओगादेन प्रदेशावर आक्रमण केल्यामुळे युद्धाच्या नावाखाली उरलासुरला विरोधही देशद्रोह ठरला. सोव्हिएत शस्त्रे आणि क्युबाचे हजारो सैनिक यांच्या मदतीने मार्च 1978 पर्यंत ते युद्ध जिंकले गेले. स्वतंत्र कामगार महासंघ त्याआधीच बरखास्त होऊन त्याच्या जागी सरकारी संघटना आली होती. शेतकरी संघ, केबेले, महिला आणि युवक संघटना सगळ्या एकाच सूत्रात ओवल्या गेल्या. सप्टेंबर 1984 मध्ये क्रांतीचा दहावा वर्धापनदिन आणि नव्या एकमेव पक्षाची स्थापना यांचा खर्चिक सोहळा चालू असताना वोलो आणि तिग्रायमध्ये पुन्हा भीषण दुष्काळ होता, आणि सरकारने सोहळा आटोपेपर्यंत त्याविषयी बोलणे टाळले. ज्या गुन्ह्यासाठी सम्राटाला दूरचित्रवाणीवर उघडे पाडले गेले होते तोच गुन्हा दहा वर्षांनी पुन्हा घडला.

मेंगिस्तू मे 1991 मध्ये झिम्बाब्वेला पळाले. इथिओपियाच्या न्यायालयाने 2006 मध्ये त्यांच्या अनुपस्थितीत त्यांना वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले.

वेगळे काय करता आले असते

राजसत्तेकडून अपेक्षा करायची तर ती 1974 मधली नाही, 1960 नंतरची आहे. पक्षांना परवानगी असती तर फेब्रुवारी 1974 मध्ये सरकारसमोर गर्दीऐवजी वाटाघाटी करणारे नेते असते. 1974 च्या मार्चमध्येही घटनादुरुस्तीच्या घोषणेत निवडणुकीचा महिना नमूद केला असता, तर कामगार महासंघाला थांबण्याचे कारण मिळाले असते.

संपकऱ्यांच्या बाजूने पाहता मार्च ते जून हे चार महिने मोलाचे होते. शिक्षक संघटना, कामगार महासंघ आणि विद्यार्थी यांनी आपापल्या मागण्यांसोबत तीनच समान मागण्या धरल्या असत्या (पक्षस्वातंत्र्य, निवडणुकीची तारीख, लष्करी तुकड्यांच्या प्रतिनिधींशी नागरी प्रतिनिधींची संयुक्त समिती) तर जूनमध्ये स्थापन झालेली समिती निव्वळ लष्करी राहिली नसती. खालच्या हुद्द्यांचे अनेक सैनिक तेव्हा या गटांशी बोलत होते, त्यांची पत्रके वाचत होते. हा संवाद संस्थेत बदलला नाही. सप्टेंबरमध्ये महासंघाने ठराव केला तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक तेच म्हणत असूनही तो संघटना म्हणून एकाकी पडला होता.

सम्राटाच्या पदच्युतीला पाठिंबा देणाऱ्यांनी त्याच दिवशी मुदत मागायला हवी होती. चौकशी आयोगाचे काम पूर्ण होईपर्यंत कोणालाही शिक्षा नको, एवढी एक अट धरून राहण्यासारखी होती. अमान अंदोम ती समितीच्या आत धरून बसले होते आणि त्यांच्यामागे बाहेरून कोणीही उभे राहिले नाही, कारण मरणाऱ्यांविषयी कोणालाच सहानुभूती नव्हती. माजी मंत्र्यांच्या वाट्याला रीतसर खटला यावा यासाठी विद्यार्थ्यांनी मोर्चा काढणे त्या वेळी विचित्र दिसले असते, हे मला कळते. तरीही 1977 मध्ये ज्या पद्धतीने विद्यार्थी मारले गेले ती पद्धत त्या रात्री मान्य झाली होती.

जमीन सुधारणा झाली नसती तर बरे झाले असते, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढता येत नाही. ती व्हायलाच हवी होती. प्रश्न तिच्या सोबत उभारलेल्या संस्थांचा आहे. केबेलेचा हिशेब तपासणारी वेगळी संस्था, तिच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे न्यायालय, नियमित आणि गुप्त मतदान, आणि बंदूक केबेलेच्या हाती न देता पोलिसांकडेच ठेवणे, या चार गोष्टींपैकी शेवटची जरी पाळली गेली असती तरी फेब्रुवारी 1977 नंतर झडत्यांचा वेग आणि व्याप इतका झाला नसता, कारण प्रत्येक गल्लीत पोचण्याइतके मनुष्यबळ सैन्याकडे नव्हते. बरेचसे सैन्य एरिट्रियात आणि लवकरच ओगादेनमध्ये गुंतलेले होते. ते मनुष्यबळ केबेलेने पुरवले, आणि तिला ते शेजाऱ्यांमधूनच मिळाले.